मृताच्या बाजूचा साक्षीदार : बनेश फेणे, फादर ब्राऊन आणि त्यांचे नट

कागदावरच्या गुप्तहेराला पहिला देह देतो तो नट नव्हे, चित्रकार. शेरलॉक होम्सच्या डोक्यावरची ती प्रसिद्ध टोपी आर्थर कॉनन डॉइल यांच्या लेखणीपेक्षा 'स्ट्रँड' मासिकाचा चित्रकार सिडनी पॅजेट याच्या कुंचल्याची देणगी अधिक आहे. पुढे १८९९ साली विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने रंगभूमीवर होम्स उभा केला आणि वाकड्या दांड्याच्या पाइपचे श्रेय सामान्यतः त्याला दिले जाते. टोपी आणि पाइप काढून घेतले तर रस्त्यात भेटलेला होम्स आपल्यापैकी कितीजण ओळखतील, याची आम्हांस शंकाच आहे.

मराठीत हा मान राम वाईरकरांकडे जातो. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे आमच्या पिढीने प्रथम वाचला तो वाईरकरांच्या रेषांतून. काटकुळे हातपाय, धावताना जमिनीला न लागणारे पाऊल आणि चेहऱ्यावर सतत काहीतरी हेरल्याचा भाव असा तो मुलगा. त्यामुळे पुढे ज्या दोन नटांनी हा मुलगा पडद्यावर साकारला, त्यांची स्पर्धा एकमेकांशी नव्हती. ती त्या रेषांशी होती, आणि रेषांचा मुलगा कधी मोठा होत नाही, थकत नाही, त्याचा आवाजही फुटत नाही.

एका ख्रिस्ती त्रैमासिकात गुप्तहेरांच्या नटांची चर्चा कशासाठी, असे आमचे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर आठव्या आज्ञेत आहे. (आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या गणनेत ती नववी.) खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण सहसा जिवंत शेजाऱ्यापुरती समजतो. पण ज्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देणे सर्वांत सोपे, असा शेजारी म्हणजे मृत मनुष्य. तो उठून नाकारू शकत नाही. गुप्तहेरकथेचा कणा आमच्या मते हाच आहे: कोणीतरी मेलेला आहे, त्याच्याविषयी एक सोयीची गोष्ट सर्वांनी मान्य केलेली आहे, आणि एकच माणूस ती मान्य करावयास तयार नाही. तो माणूस कसा दिसतो, कसा बोलतो, कोणत्या अधिकाराने बोलतो, हे नट ठरवितो. म्हणून हा नटांचा विचार.

भागवत (१९१०–२००१) यांनी 'बालमित्र' मासिक चालविले, ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फास्टर फेणेची वीसेक पुस्तके लिहिली. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी त्या काळी वाचनालये भरून गेली होती. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणून ठेवला होता. मोठ्यांसाठी काळापहाड आणि झुंजार होते, तर पोरांसाठी भागवतांनी बनेश दिला. मुलगा फुरसुंगीचा, शाळा पुण्यातले विद्याभवन, वाहन सायकल, आणि जीभ टाळूला लावून काढलेला 'ट्टॉक' हा त्याचा उद्गार. प्रतापगड, गुलमर्ग, चक्रीवादळ असे कोठेही लेखक त्याला नेतात, परंतु मुलगा पुण्याचाच राहतो. पुण्याचा म्हणजे पेठेतल्या वाड्याचा मात्र नव्हे. तो शिकावयास बाहेरून आलेला आहे, आणि ही गोष्ट चटकन नजरेतून सुटते.

सदाशिव पेठेला अशी मुले नवी नाहीत. एके काळी तेथे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत; आज त्याच गल्ल्यांतून अभ्यासिका आणि खानावळी आहेत आणि लातूर, बीड, सोलापूरकडून आलेली मुले स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन बसलेली असतात. २७ जून २०२३ रोजी याच पेठेत भररस्त्यात एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन धावणाऱ्या तरुणाला रोखले ते अशाच परीक्षार्थी मुलांनी. वृत्तपत्रांतून ती बातमी वाचताना आम्हांस प्रथम भागवतांची आठवण झाली, हे सांगावयास संकोच वाटत नाही. ज्याचे शहरात कोणी नाही तोच धावून जातो, हे भागवतांनी फार पूर्वी ओळखले होते.

आता नटांकडे वळू. पहिला पडद्यावरचा बनेश १९८७ साली दूरदर्शनवर आला आणि ती भूमिका सुमीत राघवन यांनी केली. त्या वेळी ते स्वतः किशोरवयात होते. शाळकरी मुलाने शाळकरी मुलाचे काम करणे यात अभिनय किती आणि वय किती, हा प्रश्न रास्त आहे, पण आम्हांस तो तितका महत्त्वाचा वाटत नाही. त्या वयाचे काही गुण नाटकशाळेत शिकविता येत नाहीत: अंगापेक्षा हातपाय लांब असणे, मोठ्या माणसासमोर उभे राहताना एक खांदा खाली जाणे, आपण बोललो ते कोणी खरे मानील की नाही याची खात्री नसणे. बनेशच्या पात्राचा पाया तोच आहे. तो खरे बोलतो आणि मोठी माणसे हसतात. राघवन यांनी पुढे विनोदी मालिकांत नाव मिळविले आणि २०१८ साली 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंची भूमिका केली. त्यातला तो तोलून टाकलेला शब्द ऐकताना या नटाजवळ संयम जन्मजात असावा, असे वाटते. मुलांच्या मालिकेला लागतो त्याहून तो किंचित अधिकच होता, असे आमचे मत आहे. भागवतांचा बनेश उतावळा आहे; राघवन यांचा बनेश सभ्य घरातला वाटे. त्या मालिकेसमोर जी मुले बसत ती आता चाळिशी ओलांडून गेली आहेत आणि त्यांच्या मनातला बनेश तोच आहे. ज्यांच्या बालपणावर नटाने ताबा मिळविला, त्यांच्यापुढे समीक्षकाने फार बोलू नये.

त्यानंतर तीस वर्षे गेली. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या 'फास्टर फेणे' या चित्रपटात अमेय वाघ बनेश झाले. या बनेशला शाळा उरलेली नाही. तो वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्यासाठी पुण्यात येतो. परीक्षेच्या निमित्ताने भेटलेला धनेश लांजेकर नावाचा एक मुलगा मरतो, ती आत्महत्या समजली जाते, आणि बनेशला ते पटत नाही. पुढे प्रवेशपरीक्षांभोवतीचा काळाबाजार आणि तो चालविणारा आप्पा नावाचा सूत्रधार येतो. पटकथा क्षितिज पटवर्धन यांची.

बनेशला मोठे केले म्हणून त्या वेळी अनेक जुने वाचक नाराज झाले. आम्ही त्यांच्यात नाही. लहान मुलाने चोर पकडावा हे १९६० किंवा १९७० साली गमतीचे वाटे. पण आजच्या मुलांना ज्या वाईटाशी गाठ पडते ते वाईट चोरदरोड्याचे नसून परीक्षेचे, शुल्काचे, प्रवेशाचे आहे. मध्य प्रदेशातील व्यापम प्रकरण २०१३ साली उघडकीस आले. चित्रपटानंतर सात वर्षांनी, २०२४ साली, 'नीट' परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आमच्या धर्मग्रामांतील बारावीच्या मुलामुलींच्या आईवडिलांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बनेशला ज्या वयात नेऊन ठेवले, त्या वयातच आज आमची मुले एकटी पडतात.

अमेय वाघ हे पुण्याच्या नाट्यस्पर्धांतून आलेले नट. सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने जी पिढ्यान्पिढ्यांची मुले घडविली, त्या परंपरेत ते बसतात. या परंपरेचा एक गुण आणि एक दोष असा की, नट वाक्य संपण्यापूर्वीच त्याचा परिणाम प्रेक्षागृहात कोठे होणार ते ओळखून असतो. टाळ्या आणि आरोळ्या यांच्यात वाढलेल्या नटाला शांत बसणे जड जाते. चित्रपटाच्या पहिल्या भागात वाघ यांच्या बोलण्यात ती चपळाई आहे आणि बनेशला ती शोभतेही. 'ट्टॉक' त्यांच्या तोंडून येतो तो लाडिक न होता, विचार जागच्या जागी बसल्याचा खटका वाटतो. वयाने ते तिशीच्या आसपास होते आणि ते दिसते. तथापि एक गोष्ट त्यांनी अशी साधली आहे की जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

धनेशच्या मृत्यूची बातमी कळल्यावर त्यांचा बनेश संतापत नाही, हेर होत नाही, त्याला उत्साहही येत नाही. तो गोंधळतो. अगदी थोडी ओळख झालेला मुलगा. त्याच्याशी काही नाते नाही, मैत्री म्हणावी इतका काळ गेलेला नाही. कोणीही म्हणेल, आपले काय? वाघ यांनी त्या गोंधळात एक अवघडलेपण ठेवले आहे, जणू मृताने त्याच्याजवळ काही वस्तू ठेवावयास दिली होती आणि ती आता परत कोणाला करावी हे त्याला समजत नाही. ती वस्तू म्हणजे साक्ष. तो मुलगा जिवंत असताना कसा होता हे बनेशने पाहिलेले आहे, आणि सर्वांनी जे मानले आहे त्याच्याशी ते जुळत नाही. होम्स मातीच्या डागावरून निष्कर्ष काढतो. हा बनेश एका चेहऱ्याच्या आठवणीवरून काढतो. चातुर्यापेक्षा ही निष्ठा आहे.

याच चित्रपटात भा. रा. भागवत हेच एक पात्र आहे. बनेश पुण्यात त्यांच्या घरी उतरतो आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. चिमणरावापासून गांधीजींपर्यंत दुसऱ्याच्या अंगात शिरण्याचे या नटाचे कसब सर्वज्ञात आहे, आणि 'बोक्या सातबंडे' लिहून ते स्वतःही बालसाहित्याचे लेखक झालेले आहेत. निर्मात्याने आपल्याच निर्मितीला घरात जागा द्यावी, या कल्पनेवर सेमिनरीत शिकलेल्या माणसाला बरेच काही बोलावेसे वाटते. तो मोह आम्ही आवरतो. प्रभावळकर काहीही विशेष करीत नाहीत आणि दृश्य त्यांचे होते, एवढेच नोंदवितो.

गिरीश कुलकर्णी यांचा आप्पा मात्र चित्रपटाला भारी पडतो. इतका थंड, इतका आपल्या दुष्टपणात आरामात बसलेला खलनायक समोर आला की बनेशपुढे धावण्यावाचून दुसरे काम उरत नाही. उत्तरार्धात वाघ धावतात, झुंजतात, आणि पूर्वार्धातला तो अवघडलेला साक्षीदार हळूहळू नायक होऊन जातो. आम्हांस तो पूर्वीचाच अधिक आवडला होता.

येथे एक आक्षेप नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. चित्रपटाची सारी रचना अशी आहे की धनेशने आत्महत्या केली नाही हे सिद्ध झाले म्हणजे त्याचे नाव निष्कलंक झाले. खुनाचा बळी ठरला म्हणून मुलगा सुटला. पण ती खरोखरच आत्महत्या असती तर? तर बनेशने परीक्षा देऊन फुरसुंगीची वाट धरली असती काय? १९१७ च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतून ते कलम गेले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर असे सांगितले आहे की, गंभीर मानसिक पीडा, भय वा यातना यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, त्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. ज्या घरांत असे मरण झाले आहे, तेथे आजही शेजारपाजारची कुजबुज संहितेच्या सत्तर वर्षे मागे असते. परीक्षेच्या ओझ्याखाली खचून गेलेल्या मुलालाही साक्षीदार हवा असतो. किंबहुना त्याला अधिकच हवा असतो. चित्रपटाने ही बाजू पाहिली नाही. गुप्तहेरकथेचा साचाच असा आहे की तिला खुनी हवा, हे आम्ही जाणतो. तरीही वाघ यांच्या त्या पहिल्या गोंधळलेल्या चेहऱ्यात ही शक्यता होती, म्हणून हळहळ वाटते.

बनेशच्या या उणिवेचा विचार करताना आम्हांस साहजिकच आमच्याच पंक्तीतला गुप्तहेर आठवला. गिल्बर्ट कीथ चेस्टरटन (१८७४–१९३६) यांचा फादर ब्राऊन. पहिली कथा १९१० ची, पहिला संग्रह १९११ चा. स्वतः चेस्टरटन कॅथलिक झाले ते १९२२ साली, म्हणजे फादर ब्राऊन आपल्या जनकाच्या आधी दशकभर कॅथलिक होता. त्याचे मूळ ब्रॅडफर्डचे फादर जॉन ओ'कॉनर यांच्यात आहे. चेस्टरटन यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की, फादरांच्या तोंडून माणसाच्या दुष्टाव्याचे ज्ञान ऐकून ते हादरून गेले असतानाच, दोन तरुण विद्यार्थी 'या बिचाऱ्या धर्मगुरूंना जगातले वाईट काय ठाऊक' अशा अर्थाचे काही बोलले. प्रायश्चित्तसंस्काराच्या आसनावर बसून रोज लोकांची पापे ऐकणारा माणूस भोळा असेल, ही कल्पना त्या क्षणी हास्यास्पद ठरली आणि तिच्यातून एक गुप्तहेर जन्मला.

गोल चेहरा, बुटका देह, सांभाळता न येणारी मोठी छत्री आणि कागदी पुडकी असे त्याचे वर्णन आहे. १९३४ साली वॉल्टर कॉनली यांनी हॉलिवूडमध्ये, १९६० आणि १९६२ साली हाइन्झ र्‍यूमान यांनी जर्मनीत ही भूमिका केली. त्यांच्यावर आम्ही थांबत नाही. १९७४ च्या इंग्रजी मालिकेत केनेथ मोर होते. तेरा भाग, कथांशी बऱ्यापैकी प्रामाणिक. मोर मोठे दिलखुलास नट. पण त्यांचा फादर ब्राऊन खोलीत शिरताच खोलीला ठाऊक होते की कोणीतरी आले आहे. चेस्टरटनचा फादर आलेला कोणाला कळत नाही, आणि त्याचे निम्मे यश त्यातच आहे.

२०१३ पासूनच्या बीबीसीच्या मालिकेतील मार्क विल्यम्स यांना आमच्या घरांतील तरुण मंडळी अधिक ओळखतात. १९५० च्या दशकातले केंबलफर्ड नावाचे काल्पनिक खेडे, सायकलवरून हिंडणारा धर्मगुरू, खाऊ घालणारी कारभारीण. एका खेड्यात इतके खून झाल्यावर तेथे धर्मग्रामस्थ उरतात तरी कसे, हा प्रश्न विचारू नये. मालिकेत गडबड फार आहे आणि चेस्टरटनचे तत्त्वज्ञान फार थोडे. पण विल्यम्स एक गोष्ट मनापासून करतात: गुन्हेगार सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर विजय नसतो. पोलीस पोहोचण्यापूर्वीच्या त्या दोन मिनिटांत ते त्या माणसाच्या आत्म्यासाठी घाई करीत असतात. पश्चात्ताप कर, अजून वेळ आहे, ही त्यांची घाई बनावट वाटत नाही. आम्हांपैकी ज्यांनी रुग्णालयात मध्यरात्री रोग्याच्या उशाशी धाव घेतली आहे, त्यांना ती ओळखता येईल.

तरीही फादर ब्राऊन म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे ॲलेक गिनेस येतात. रॉबर्ट हेमर यांनी दिग्दर्शित केलेला १९५४ चा तो कृष्णधवल चित्रपट. देहाने गिनेस वर्णनाशी जुळत नाहीत. ते गोलही नाहीत आणि बुटकेही नाहीत. त्यांनी भूमिका धरली ती दृष्टीच्या बाजूने. हा फादर चष्म्यावाचून आंधळा आहे, वस्तू त्याच्या हातून निसटतात, दुसऱ्या एका तितक्याच अल्पदृष्टी वृद्धाबरोबर त्याच्या चष्म्यांची जी दाणादाण उडते ती पाहून हसू आवरत नाही. आणि तोच माणूस समोरच्याचे अंतःकरण मात्र स्वच्छ वाचतो. चित्रपटाच्या आरंभी तो तिजोरीपाशी पोलिसांच्या हाती सापडतो. वास्तविक तो आपल्या धर्मग्रामातील एका माणसाने चोरलेला पैसा परत ठेवावयास गेलेला असतो. पीटर फिंच यांचा फ्लॅम्बो हा चोर त्याला हवा असतो तो तुरुंगासाठी नव्हे. शेवटी फ्लॅम्बो चर्चमध्ये येतो तेव्हा गिनेस यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो शिकार साधल्याचा नसून हरवलेला मुलगा घरी आल्याचा आहे.

या चित्रीकरणातला एक प्रसंग गिनेस यांनी १९८५ च्या आपल्या आठवणींत लिहिला आहे आणि तो अनेक प्रवचनांतून सांगितला गेला आहे. फ्रान्समध्ये बर्गंडी भागात चित्रीकरण चालू असताना, झग्यातच ते एका संध्याकाळी मुक्कामाकडे चालले होते. एक लहान मुलगा धावत आला, त्यांना खरेच धर्मगुरू समजून त्यांचा हात धरून बडबडत चालला आणि आपले वळण आल्यावर निघून गेला. एका अनोळखी माणसावर मूल इतका विश्वास टाकते, केवळ त्याच्या झग्यामुळे, हे पाहून गिनेस विचारात पडले. पुढे मुलाच्या आजारपणात त्यांनी चर्चची वाट धरली आणि १९५६ साली ते कॅथलिक झाले.

हा प्रसंग आज प्रवचनात सांगताना धर्मगुरूची जीभ अडखळली पाहिजे. गेल्या काही दशकांत देशोदेशी जे उघडकीस आले, ज्यासाठी पोप फ्रान्सिस यांनी २० ऑगस्ट २०१८ रोजी साऱ्या देवप्रजेला पत्र लिहिले, ते ठाऊक असलेला वाचक त्या मुलाने हात धरला या वाक्याशी क्षणभर श्वास रोखतो. गिनेस निर्मळ होते म्हणून गोष्ट गोड झाली. पण मुलाने त्यांना ओळखले नव्हते, त्याने झगा ओळखला होता. आणि काही ठिकाणी झग्याने तो विश्वास पायदळी तुडविला. ती मुलेही साक्षीदार होती आणि वर्षानुवर्षे त्यांच्याविषयी खोटी साक्ष दिली गेली. हे आम्ही आमच्याच नियतकालिकात लिहीत आहोत, ते अन्यत्र लिहिण्यापेक्षा येथेच लिहिणे उचित म्हणून.

चेस्टरटनला हा धोका दिसला नव्हता असे नाही. पहिल्याच कथेत फ्लॅम्बो धर्मगुरूच्या वेषात फादर ब्राऊनबरोबर चालतो. झगा उत्तम आहे, बोलणे भाविक आहे. तरीही फादर त्याला ओळखतो, कारण त्या तोतयाने बुद्धीची निंदा केली आणि ती खऱ्या धर्मज्ञानाला धरून नाही. वेषावर विश्वास ठेवू नका, हा धडा या मालिकेच्या उंबरठ्यावरच आहे. गंमत अशी की फादर ब्राऊन रंगविणाऱ्या प्रत्येक नटाला मात्र वेषाचा आयता लाभ मिळतो. दार उघडते, लोक बोलू लागतात. सुमीत राघवन किंवा अमेय वाघ यांना असा झगा कोणी दिलेला नव्हता. बनेशला कोणतेच दार आपोआप उघडत नाही. प्रत्येक दार त्याला आपल्या चेहऱ्याच्या जोरावर उघडावे लागते. नटाच्या दृष्टीने त्याची भूमिका अधिक कठीण आहे, असे आम्ही म्हणू.

मात्र एका बाबतीत फुरसुंगीचा मुलगा कमी पडतो. १९२७ च्या 'फादर ब्राऊनचे रहस्य' या संग्रहात तो धर्मगुरू आपली रीत उघड करतो: प्रत्येक खून आपण स्वतः केल्याचे तो मनात अनुभवतो, आतून तो खुनी होऊन पाहतो, आणि मग खुनी कोण ते त्याला कळते. स्वतःच्या पापाची ओळख हेच त्याचे भिंग. गिनेस यांच्या मिटत्या डोळ्यांत हे ज्ञान आहे. विल्यम्स यांच्या घाईत त्याची सावली आहे. बनेशजवळ ते नाही. तो मृताची बाजू घेतो, पण मारणाऱ्याच्या आत काय चालले आहे हे त्याला स्वप्नातही दिसत नाही. भागवतांच्या बाराचौदा वर्षांच्या मुलाला ते दिसू नये हेच योग्य होते. वीस वर्षांच्या बनेशला मात्र त्याची पुसट चाहूल लागावयास हवी होती, विशेषतः गिरीश कुलकर्णी यांच्यासारखा आप्पा समोर उभा असताना. त्या दोघांच्या समोरासमोरच्या प्रसंगांत वाघ यांना तिरस्कार दाखवावा लागतो, कारण पटकथेत दुसरे काही ठेवलेले नाही. एकदा तरी त्यांच्या नजरेत हा प्रश्न यावयास हवा होता की, हाही कधी काळी परीक्षेला बसलेला कोणाचा तरी मुलगा असेल, आणि तो असा कसा झाला. अमेय वाघ आता चाळिशीकडे झुकले आहेत आणि असा बनेश करण्याइतके परिपक्व नट आहेत. तसा तो कोणीतरी त्यांच्यासाठी लिहावयास मात्र हवा.